सायकलच्या पुढची

मी एक जुनी लेडीज सायकल आहे. जुनी म्हणजे भंगारातली नव्हे, हं! माझी घंटी अजून खणखणीत वाजते, ब्रेक दाबला की मी जागच्या जागी थांबते, आणि माझ्या चेनला ग्रीस नाही असं ज्याला वाटत असेल त्याने एकदा बोट लावून बघावं. आठवडाभर नखं धूत बसेल. मित्रांनो, आमच्या गावात दरवर्षी दौड होते, आणि माझ्याइतकी वर्षं त्या दौडीत कोणीच भाग घेतलेला नाही. इतक्या वर्षांत मी एकदाही कोणाच्या पुढे गेलेली नाही. दरवर्षी शेवटची आले. हसू नका. शेवटचं येणं हेच माझं काम आहे, आणि माझ्याइतकं चोख ते कोणाला जमत नाही.

माझा जन्म कारखान्यातला नाही. दोन भावांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, तिथे मी तयार झाले. माझा सांगाडा एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीला टाकला आणि तो न्यायला परत आलाच नाही. चाकं दुसऱ्याच एका सायकलची, सीट तिसऱ्याच कोणाची. थोरल्या भावाने हे सगळं जुळवलं, छर्रे बदलले, हिरवा रंग दिला आणि बायकोला म्हणाला, "घे, तुला बाजारात जायला." तेव्हापासून मी थोरलीची. म्हणजे मोठ्या जावेची. ती दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर राहते. तिच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे धाकटी. थोरली घरचं आवरून दुकानात उतरते आणि पंक्चर काढते. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवली आणि बुडबुडे बघितले की छिद्र कुठे आहे ते ती लांबूनच ओळखते. हसणं मोठं, आवाज त्याहून मोठा. मनात आलं की ओठावर आलंच म्हणून समजा.

आता माझ्या कामाचं सांगते. आधी मोठी दौड सुटते. त्यात जिंकणारे लोक असतात, त्यांच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. त्यानंतर सुटते गंमतदौड. तिच्यात सगळं गाव असतं. पोरंटोरं, आज्या, पोट सुटलेले दुकानदार, बाबागाडी ढकलणारे बाप. रस्ते तेवढ्यापुरते बंद करतात, पण शेवटचा माणूस गेल्याबरोबर मागून गाड्या सोडाव्या लागतात. शेवटचा माणूस कोणता हे पोलिसांना कळणार कसं? म्हणून त्याच्या मागे एक सायकल हवी, असं दौडीच्या कमिटीने ठरवलं आणि ते लोक आमच्या दुकानात आले. आधी एका तरण्याबांड गड्याने चकचकीत रेसची सायकल आणली होती. पण चालणाऱ्या आजीच्या मागे तिच्याच वेगाने सायकल चालवायची म्हणजे खायचं काम नाही. तो दर चार पावलांना आडवा होत होता. थोरली शाळेत असताना सावकाश सायकल चालवायच्या स्पर्धेत दरवर्षी पहिली यायची. तिने हातातलं टायर खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्यात काय एवढं? मी जाते."

नियम सोपा होता. सायकलीने ज्याला मागे टाकलं तो बाद, त्याने फुटपाथवर चढायचं. जो सायकलीच्या आधी मैदानात पोचला, त्याला बिल्ला. थोरलीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मी कोणाला मागे टाकणार नाही. कोणाला बाजूला व्हायचं असेल तर ज्याने त्याने व्हावं." आणि ती तसंच वागली.

पहिल्या वर्षी माईकवर बोलणारे मास्तर होते, खेळाचे. एक आजी गुडघ्याला पट्टी बांधून हळूहळू मैदानात येताना दिसल्या, तसे ते उत्साहाने ओरडले, "आणि ह्या आल्या आपल्या शेवटच्या स्पर्धक!" आजी तिथेच थांबल्या. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "शेवटची कोणाला म्हणतोस रे? डोळे आहेत की बटणं? माझ्यामागे ही सायकल दिसत नाही तुला?" सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागलं. मास्तर ओशाळले आणि म्हणाले, "चुकलो आजी. ह्या आल्या आपल्या सायकलच्या पुढच्या!" झालं, तेव्हापासून आमच्या गावातून शेवटचा हा शब्दच हद्दपार झाला. वर्गात पेपर उशिरा देणारा पोरगा सायकलच्या पुढचा. दवाखान्याच्या रांगेत टोकाला उभी असलेली बाई म्हणते, "मी आहे बाई सायकलच्या पुढची, माझ्यामागे लागा." कोणी प्रेमाने म्हणतं, कोणी चिडवायला. पण मित्रांनो, थोरली तो शब्द कसा म्हणते ते मला ठाऊक आहे, कारण त्या माणसांच्या मागून मी तिला नेलेलं आहे. ती त्यांना पाणी देते, चुटके सांगते, एखादा रडवेला झाला तर त्याच्याशी भांडून त्याला चालतं ठेवते. वर्षभर बाजारात कोणी पाठमोरं दिसलं की मला म्हणते, "ह्या बघ, आपल्या तीन वर्षांपूर्वीच्या सायकलच्या पुढच्या बाई."

आणि ह्याच शब्दाने घरात आग लागली.

धाकटी गाडी चालवायला शिकत होती. परीक्षेत तीनदा नापास झाली आणि चौथ्यांदा पास. तिने हौसेने सगळ्यांना जेवायला बोलावलं. तिची आई होती, बहीण होती, सासरची मंडळी होती. पंगत बसली. थोरलीने वाढता वाढता तिच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या त्या आवाजात म्हणाली, "पोचली बाई एकदाची! आमची ही सायकलच्या पुढची!" हशा असा उसळला की खाली दुकानात मला ऐकू आला. धाकटीच्या बहिणीला तर ठसका लागला. धाकटी ताट तसंच सोडून आत गेली आणि दाराला कडी लावली.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. दोघींत विस्तवही जात नव्हता. जिन्यात समोरासमोर आल्या तर एक भिंतीकडे बघायची आणि दुसरी कठड्याकडे. वरच्या नळाचं पाणी खाली गळायला लागलं, तर थोरली नवऱ्याला सांगायची, थोरला भावाला सांगायचा आणि भाऊ बायकोला. उत्तर त्याच वाटेने परत यायचं. बिचाऱ्या दोघा भावांनी हात टेकले होते. आणि माझं काय झालं म्हणाल? थोरलीने मला दुकानाच्या मागच्या भिंतीवर हुकाला टांगलं. "नको ती सायकल आणि नको तो शब्द," असं म्हणाली. टायरमधली हवा गेली, चेन तांबूस झाली, माझ्या सीटवर कोणीतरी पोती ठेवली. भिंतीवर टांगलेल्या सायकलीचा दिवस जाता जात नाही. मला राग यायचा. शब्द बोलली ती, आणि शिक्षा मला?

त्या वर्षी दौडीच्या मागे मोटारसायकल ठेवली होती. तिला हळू चालणं जमतंय कुठे! ती गुरगुरायची, धूर सोडायची आणि मग चटकन पुढे निघून जायची. कितीतरी माणसं बिल्ल्याविना फुटपाथवरून घरी गेली. पुढच्या वर्षी कमिटी पुन्हा दुकानात आली. माईकवाले मास्तर स्वतः आले होते. थोरलीने खूप आढेवेढे घेतले, पण शेवटी तिने मला उतरवलं, आणि चेन पुसता पुसता माझ्याशीच पुटपुटली, "चल बये. त्या माणसांचं काय चुकलंय?" नवीन ट्यूब बसली, हवा भरली आणि माझ्या अंगात जीव आला. जिन्यावर धाकटी उभी होती. तिने बघितलं आणि ती वर निघून गेली. तिनेही गंमतदौडीत नाव दिलं होतं, ते मात्र आम्हाला ठाऊक नव्हतं. रोज पहाटे ती फिरायला जाते असंच सगळे समजत होते. मागाहून कळलं, ती पळण्याचा सराव करत होती, आणि तोही एकाच हट्टाने, की पुढच्या घोळक्यात मैदानात पोचायचं आणि थोरली येईपर्यंत बिल्ला गळ्यात घालून दाराशी उभं राहायचं.

दौडीच्या सकाळी थोरलीने पिवळं जाकीट चढवलं आणि आम्ही गर्दीच्या मागे उभ्या राहिलो. अगदी पुढे, पोरांच्या घोळक्यात, कोरे करकरीत बूट घातलेली धाकटी दिसली. थोरलीने डोळे बारीक करून पाहिलं. "अगंबाई, ही कुठे निघाली?" एवढंच म्हणाली. मास्तरांनी शिट्टी मारली आणि धाकटी पोरांच्या बरोबरीने सुटली, मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. थोरली मला म्हणाली, "पळते छान, नाही?" तिच्या आवाजात कौतुक होतं, पण ते धाकटीला सांगायची सोय नव्हती.

आमच्या पुढे होता बाबागाडी ढकलणारा एक बाप. आम्ही रमतगमत पुलापर्यंत पोचलो. पुलाच्या तोंडाशी रस्ता थोडा खचलेला आहे. तिथे फुटपाथच्या कडेला कोणीतरी बसलं होतं. बाबागाडीवाल्याने वाकून काहीतरी विचारलं, तिने हाताने त्याला पुढे जा म्हणून सांगितलं, आणि तो गेला. आम्ही जवळ आलो. ती धाकटी होती. त्या खचलेल्या जागी तिचा पाय मुरगळला होता आणि घोटा बुटाबाहेर फुगून आला होता. बाकी सगळी दौड तिला ओलांडून गेली होती. आम्हाला बघताच ती ताडकन उठली आणि लंगडत चालायला लागली. आणि अशा रीतीने, मित्रांनो, सबंध गावात नेमकी तीच आली आमच्या पुढे.

थोरलीच्या हातांना घाम फुटला, तो मला हँडलवर कळला. मागे राहावं तर तो शब्द सगळ्या गावासमोर खरा होणार. पुढे जावं तर धाकटी बाद. हा तिढा सोडवायला कोणी तिसरं तिथे नव्हतं. मी होते, पण मला घंटीशिवाय काही बोलता येत नाही.

"जा पुढे," धाकटी मागे न बघता म्हणाली. दोन वर्षांतले तिचे हे पहिले शब्द.

"मी पुढे जात नसते," थोरली म्हणाली.

"जा म्हणते ना, जाऊबाई. मी बाद झालेली चालेल. पण तुमच्या सायकलच्या पुढची म्हणून मी मैदानात जायची नाही."

"मग हो बाजूला. तो फुटपाथ आहे, चढ त्याच्यावर. पण ते तू करायचं. मी तुला मागे टाकणार नाही."

धाकटीने फुटपाथकडे पाहिलं. एक क्षण वाटलं, चढतेच आता. पण ती चढली नाही. दात आवळून तिने पुढचं पाऊल टाकलं. हट्टी म्हणजे किती हट्टी असावं माणसाने! मला ती फार आवडली त्या वेळी.

मागे गाड्या साचायला लागल्या होत्या. हॉर्नचा नुसता कल्लोळ. एका बसड्रायव्हरने खिडकीतून मान काढली. "ओ ताई, सायकल चालवताय की पहारा देताय?"

"पहाराच देतेय! बसा गप!" थोरली ओरडली, आणि धाकटीच्या खांद्यांना हसल्यासारखा एक झटका बसलेला मी पाहिला.

मग चौकातला वाहतूक पोलीस धावत आला. वेळ उलटून गेली होती आणि वरून त्याला रस्ता सोडायचा हुकूम होता. "ताई, बास झालं आता. सायकल पुढे काढा. ह्या बाईंना मी गाडीत बसवतो, त्यांना चालवत नाहीये."

"कोण म्हणतं चालवत नाहीये?" धाकटी गर्रकन वळली, आणि त्याच पायावर भार आल्यामुळे कोलमडली. थोरलीने उडी मारून तिला सावरलं. मी तिच्या कमरेला टेकून कशीबशी उभी राहिले. धाकटीने हात झटकला.

थोरली पोलिसाला म्हणाली, "माझ्या पुढे माणूस आहे. माणूस आहे तोवर हा रस्ता दौडीचा. हुकूम कोणाचाही असू दे." तिचा आवाज चढला नव्हता. मी तिला इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. पोलिसाने एकदा हिच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "अर्धा रस्ता सोडतो. तुम्ही कडेकडेने चला. पण चला बरं का, भांडत उभ्या राहू नका." तो आमच्या शेजारून गाड्या काढून द्यायला लागला.

"हात दे," थोरली म्हणाली.

"नको."

"बरं, माझा नको तर नको. हिचं हँडल धर. हिचं आणि तुझं तर भांडण नाही?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मग तिने माझं उजवं हँडल धरलं आणि सगळा भार माझ्यावर टाकला. डावं थोरलीकडे होतं. दोघींच्या मधे मी. सांगते तुम्हाला, आयुष्यात मी पिठाची पोती वाहिली, गॅसची टाकी वाहिली, पण असं वजन मी कधी पेललं नव्हतं. आणि पेललं बरं का, कुरकुरसुद्धा केली नाही.

बराच वेळ नुसता माझ्या फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज येत होता. मग थोरलीच म्हणाली, "मी ज्यांच्या मागे चालते ना, त्यांना मी कमी समजत नाही गं. त्यांच्यासाठी मी सगळ्या गावाच्या गाड्या अडवते. त्या दिवशी मला तसं म्हणायचं होतं."

"मग तसं म्हणायचं होतं."

"तू ऐकायला थांबलीस कुठे? ताट सोडून गेलीस."

"सगळे हसले, जाऊबाई. माझी आई तिथे होती." धाकटीने हँडल आणखी घट्ट धरलं. "आणि सगळ्यात मोठ्याने तुम्ही हसलात."

दवाखान्याची लांबलचक भिंत लागली. भिंत संपल्यावर थोरली म्हणाली, "हो. हसले. तू उठून गेलीस तरी हसतच होते. चुकलं माझं. तेव्हाच जिना चढून वर यायला हवं होतं. एवढा एक जिना, तो चढवला नाही मला."

हँडलवरचा धाकटीचा हात सरकत सरकत मधे आला आणि थोरलीच्या मनगटावर बसला. घोटा ठणकत असेल म्हणून असेल. मला तसं वाटत नाही.

मैदानाच्या दारात सगळं गाव उभं होतं. मास्तर माईकवर काहीतरी बोलायला गेले आणि दोघींना एकत्र बघून त्यांनी माईक बाजूला ठेवला. पांढरी रेघ आता अगदी समोर होती. तेवढ्यात धाकटी किंचाळली, "थांबा, थांबा! चाक!"

खरंच की! आम्ही तिघी शेजारी शेजारी चाललो होतो आणि माझं पुढचं चाक दोघींच्याही पुढे होतं. मी रेघ आधी ओलांडली असती तर धाकटी बाद, आणि एवढ्या वर्षांची माझी अब्रूही गेली असती. थोरली म्हणाली, "सोड हँडल. चार पावलं तर आहेत."

धाकटीने हँडल सोडलं, पाय टेकवला आणि कळवळून पुन्हा माझ्यावरच पडली. मला स्टँड नव्हता, तो कधीचा मोडला होता. थोरली म्हणाली, "हिला टाकते इथेच आडवी आणि तुला नेते धरून."

"नको, तिला आडवी नका टाकू!" धाकटी म्हणाली. "एवढं आणलंय तिने मला. फिरवा तिला. उलटी फिरवा."

आणि भर मैदानासमोर दोघींनी मला उलटं फिरवलं. धाकटीने मागचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं आणि पाठ रेघेकडे करून, एका पायावर लंगडी घालत, मागे मागे सरकायला लागली. माझ्या मागे, हँडलशी, थोरली. धाकटी तिच्याकडे बघत होती आणि थोरली तिला सांगत होती, "ये, ये, अजून थोडं, रस्ता साफ आहे." आधी धाकटी रेघेपार गेली, मग माझं मागचं चाक, मग पुढचं, आणि सगळ्यांच्या मागून थोरली. मी जन्मात पहिल्यांदा उलटी चालले. लोक हसत होते, अगदी पोट धरून, आणि ह्या वेळी धाकटी सगळ्यात मोठ्याने हसत होती. थोरली मात्र रडत होती, नाक ओढत, कोणाला लाजत नव्हती.

त्या संध्याकाळी धाकटी दुकानात घमेल्यात पाय सोडून बसली होती. त्याच घमेल्यात, जिथे ट्यूब बुडवतात. थोरली माझी चेन पुसत होती.

"पुढच्या वर्षी सायकल मी चालवणार," धाकटी म्हणाली.

"आणि मी काय करू?"

"तुम्ही पळा, जाऊबाई."

दोघे भाऊ हातातले पाने तसेच धरून हसायला लागले. पण धाकटी हसत नव्हती. तिने खरोखरच हळू सायकल चालवण्याचा सराव केला. पहिला महिना तर मला रोज आडवी पाडली, माझा एक मडगार्ड वाकला, पण मी तक्रार केली नाही. आता मी तिच्या हाताखाली असते. थोरलीने बूट घेतले आहेत. ती धावते फार वाईट. सगळ्या जगाशी गप्पा मारत, कमरेवर हात ठेवून थांबत, पुलावरून नदी बघत.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी सायकल तुमच्या घरी भिंतीला टांगलेली असेल तर तिला आजच खाली उतरवा. हवा भरा, तेल द्या. तिच्यावर कोणाचा राग काढू नका. रुसलेलं कोणी वरच्या मजल्यावर असेल, तर तो एक जिना चढा. आणि वर्षातून एका सकाळी तुमची गाडी माझ्यामागे अडकली, पुढे सगळं ठप्प दिसलं, तर हॉर्न वाजवू नका. पाच मिनिटं उशीर झाला तर काही बिघडत नाही. जरा दमाने घ्या. आमची थोरली येते आहे.